जुन्या डेस्कटॉपवर घरची व्हर्च्युअल लॅब: आधी स्क्रू ड्रायव्हर, मग पेनड्राइव्ह

माझ्याकडे येणाऱ्या पोरांचं रडगाणं ठरलेलं असतं. "सर, प्रॉक्समॉक्स टाकलं, पण व्हीएम सुरूच होईना." (प्रॉक्समॉक्स म्हणजे एकाच खऱ्या मशीनमध्ये अनेक आभासी मशीन चालवणारी सिस्टिम; त्या आभासी मशीन म्हणजे व्हीएम.) मशीन उघडून बघावं तर टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातून निघालेला डबा, आत कापसाचा थर, बायोसचा (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा) सेल मेलेला, रॅमच्या दोन पट्ट्या दोन वेगळ्या वेगाच्या, आणि वर नेट वायफायवरूनच घ्यायचा हट्ट. यातली एकही गोष्ट सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही. काम शेवटाकडून सुरू केलेलं असतं, एवढंच.

म्हणून इथे क्रम महत्त्वाचा. खालचे पहिले पाच टप्पे प्रॉक्समॉक्सचा पेनड्राइव्ह लावण्याच्या आधीचे आहेत, आणि निम्म्याहून जास्त वेळ त्यांतच जायला हवा. लेख प्रॉक्समॉक्स व्हीई धरून लिहिला आहे: फुकट मिळतं, डेबियन या लिनक्सवर उभं आहे, केव्हीएमच्या पूर्ण व्हीएम आणि एलएक्ससीचे हलके कंटेनर दोन्ही चालवतं, आणि सगळा कारभार ब्राउझरमधून होतो. घरात एकच मशीन असेल आणि त्यावरच घरच्यांची कामंही चालत असतील, तर हे सोडा. विंडोजमध्ये व्हर्च्युअलबॉक्स टाका आणि शिकायला लागा. प्रॉक्समॉक्सला अख्खं मशीन लागतं.

(स्क्रीनवरची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. पत्ते आणि नावं टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे.)

टप्पा १: मशीन निवडणं

"आय-५ आहे" हे पुरेसं उत्तर नाही. पुढच्या चार आकड्यांतला पहिला आकडा बघा, तो पिढी सांगतो. २४०० म्हणजे दुसरी, ३४७० म्हणजे तिसरी, ४५९० म्हणजे चौथी. जुन्यात जुनं घ्यायचंच तर माझं मत चौथ्या पिढीच्या आय-५ ला. त्यात चार कोर मिळतात, आणि मुख्य म्हणजे एव्हीएक्स२ हा प्रोसेसरच्या आदेशांचा जास्तीचा संच आहे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ला एव्हीएक्स२ असलेलाच प्रोसेसर लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत ते नाही. चौथ्या पिढीतल्या पेंटियम-सेलेरॉनमध्येही नाही, तेव्हा नुसती पिढी ऐकून फसू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचं मशीन घरात आयतं पडलं असेल तर टाकून देऊ नका. डेबियन, उबंटू मजेत चालतील. फक्त त्यातल्या आय-३ साठी टप्पा ८ मधला एक खड्डा लक्षात ठेवा.

रॅम हा खरा प्रश्न. एच६१ आणि एच८१ चिपसेटच्या बोर्डांवर दोनच स्लॉट, म्हणजे ८ अधिक ८, जास्तीत जास्त १६ जीबी. बी८५, क्यू८७ अशा चिपसेटचे चार स्लॉटवाले बोर्ड ३२ पर्यंत जातात. मशीन घेताना प्रोसेसर एक पायरी खाली चालेल, स्लॉट चार असू द्या. ८ जीबीमध्ये लॅब सुरू होते, पण विंडोज सर्व्हर आणि दोन लिनक्स एकत्र चालवायला घेतले की श्वास कोंडतो.

इशारा: सर्व्हरमधून निघालेली डीडीआर-३ रॅम स्वस्तात मिळते म्हणून उचलू नका. ती रजिस्टर्ड प्रकारची असते. साध्या डेस्कटॉप बोर्डाच्या स्लॉटमध्ये ती बसते, पण मशीन सुरू होत नाही.

डिस्क एसएसडीच, किमान २४० जीबी. तीन व्हीएम एका जुन्या हार्ड डिस्कवर म्हणजे एका बैलाला तीन नांगर. हार्ड डिस्क असेल तर ती बॅकअपसाठी ठेवा.

बँका-कंपन्यांतून निघालेले ब्रँडेड डबे चांगले असतात, पण पॉवर सप्लायचा कनेक्टर बघून घ्या. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ३०२०, ७०२०, ९०२० या मॉडेलांत बोर्डाला नेहमीचा २४ पिनचा कनेक्टर नाही, ८ पिनचा आहे. उद्या हा सप्लाय, म्हणजे एसएमपीएस, जळाला तर सोलापूरच्या नवी पेठेत उभ्याउभ्या मिळणारा साधा एसएमपीएस त्याला सरळ बसत नाही, मधे अ‍ॅडॅप्टर केबल शोधावी लागते.

आणि तीन मशीन एकदम घेऊन क्लस्टर करायचा, म्हणजे ती एकत्र बांधायचा, मोह आवरा. प्रॉक्समॉक्सच्या क्लस्टरला बहुमत लागतं. दोन मशीनचा क्लस्टर केला आणि एक बंद पडलं, की उरलेल्याकडे बहुमत राहत नाही आणि ते नवीन व्हीएम सुरू करायलाच नकार देतं. पोरं वीजबिल वाचवायला दुसरं मशीन बंद करतात आणि मग पहिलं का अडलं म्हणून रात्र जागवतात. एक मशीन दमदार करा. दुसरं असेल तर बॅकअपला.

तपासा: पैसे देण्याआधी, दुकानातच. उबंटूचा लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारा) पेनड्राइव्ह लावा, टर्मिनल उघडा, एलएससीपीयू ही कमांड द्या. व्हर्च्युअलायझेशनच्या ओळीत इंटेलला व्हीटी-एक्स, एएमडीला एएमडी-व्ही दिसलं पाहिजे. विंडोज चालू असेल तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर सीपीयूखाली हीच माहिती असते. "डिसेबल्ड" दिसलं तर घाबरू नका, तो टप्पा ४ चा विषय.

टप्पा २: उघडा, साफ करा

सोलापुरात हा टप्पा वगळून चालत नाही. इथली जुनी मशीन येतात ती बऱ्याचदा एमआयडीसीतल्या किंवा पूर्व भागातल्या कारखान्यांच्या ऑफिसांतून, आणि यंत्रमागाशेजारच्या ऑफिसात वर्षानुवर्षं चाललेल्या डब्यात धुळीऐवजी तंतू साठतात. धूळ फुंकरीने उडते, तंतू विणले जातात. अशाच एका मशीनच्या कूलरवरून मी एकदा अख्खी चकती सोलून काढली: बशीएवढी, करडी, बोटाने दाबली तर टॉवेलच्या तुकड्यासारखी मऊ. पंखा व्यवस्थित फिरत होता, वारा मात्र खाली प्रोसेसरपर्यंत पोचतच नव्हता.

१. वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा, मग साइडचं पॅनेल.

२. मोठा थर आधी हाताने किंवा रंगाच्या कोरड्या ब्रशने सोलून काढा. ब्लोअर त्यानंतर. आधीच हवा मारली तर तंतू स्लॉटांत आणि एसएमपीएसमध्ये जाऊन बसतात.

३. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेने भणाणत फिरवलेल्या पंख्याची बेअरिंग जाते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर तर नेऊच नका. त्याच्या टाकीत साठलेलं पाणी हवेबरोबर बाहेर येतं.

४. कूलर काढा. इंटेलच्या कूलरचे चारही खुंटे बाणाच्या दिशेने फिरवून सैल होतात. वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी पेस्ट ज्वारीच्या दोन दाण्यांएवढी, मधोमध. लोण्यासारखी थापू नका.

५. कूलर परत बसवताना समोरासमोरचे खुंटे जोडीने दाबा, प्रत्येकाचा "टक" ऐकू आला पाहिजे. मग बोर्डाच्या मागून बघा, चारही टोकं बाहेर आलीत का. एक खुंटा अर्धवट राहिला की कूलर एका कोपऱ्यात उचलला जातो.

६. बोर्डावरचे कपॅसिटर बघा. डोकं सपाट हवं. फुगलेलं किंवा तपकिरी ओघळ आलेला एक जरी दिसला तर त्या बोर्डावर पुढचे कष्ट वाया घालवू नका.

७. बायोसचा सेल बदला. सीआर२०३२, चहा-भज्याच्या पैशात येतो. जुना "अजून चालतोय" असं वाटत असलं तरी बदला.

हा सातवा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. सेल मेला की लाइट जाऊन आल्यावर बायोस कारखान्यातल्या मूळ स्थितीला जातं, व्हर्च्युअलायझेशन पुन्हा बंद होतं, आणि काल चालणारी सगळी व्हीएम आज उठत नाहीत. शिवाय तारीख मागे जाते, मग अपडेटच्या वेळी "ही फाइल अजून वैध झालेली नाही" अशा अर्थाच्या चमत्कारिक चुका दिसतात आणि माणूस नेटवर्कमध्ये दोष शोधत बसतो.

टप्पा ३: रॅम, डिस्क, ताप

मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घ्या, संध्याकाळी लावा, सकाळी बघा. एक जरी लाल ओळ आली तरी रॅम नापास. "फक्त एकच एरर आहे" हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण त्या एका बिटमुळे तीन आठवड्यांनी एखाद्या व्हीएमची फाइल सिस्टिम बिघडेल आणि कारण कधीच सापडणार नाही. पट्ट्या एकेक करून लावा, दोषी बाजूला काढा. कधीकधी रॅम चांगली असते आणि कॉन्टॅक्ट खराब असतात. सोनेरी पट्टी खोडरबराने हलकेच घासून पुन्हा चाचणी घ्या.

डिस्कची स्मार्ट (तब्येतीची) माहिती लाइव्ह उबंटूच्या डिस्क्स या ॲपमध्ये दिसते. चार ओळी बघायच्या. क्रमांक ५ म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाची वाट बघणारे, १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे. या तिन्हींत शून्य हवं. क्रमांक १९९ चा आकडा वाढत असेल तर मात्र डिस्कला दोष देऊ नका, बहुधा साटा केबल खराब असते. ती बदलून बघा.

जुन्या डिस्कवर आधीच्या मालकाचा टॅलीचा डेटा, पगारपत्रकं, आधारच्या प्रती सापडतील. न उघडता पुसून टाका.

ताप बघायला लाइव्ह उबंटूतच प्रोसेसरला राबवणारं स्ट्रेस-एनजी अर्धा तास चालवा, शेजारच्या खिडकीत सेन्सर्सची कमांड. ८०-८५ अंशांच्या आत राहिलं तर ठीक. नव्वदी ओलांडली तर टप्पा २ मधला चौथा-पाचवा मुद्दा परत करा. आणि ही चाचणी डिसेंबरात पास झाली म्हणून खुश होऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, पत्र्याखालच्या किंवा गच्चीलगतच्या खोलीत त्याहून वर. हिवाळ्यात ७८ दाखवणारं मशीन उन्हाळ्यात नव्वदी गाठणार हे धरून चाला.

टप्पा ४: बायोस

एका बैठकीत सगळं करा आणि शेवटी स्क्रीनचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा.

१. इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी: सुरू. एएमडीच्या बोर्डावर हेच एसव्हीएम मोड नावाने, बहुधा ओव्हरक्लॉकिंगच्या पानात लपलेलं असतं.

२. व्हीटी-डी दिसलं तर तेही सुरू. एखादं कार्ड थेट व्हीएमला द्यायचं असेल तरच याची गरज पडते. नाही दिसलं तर लॅब अडत नाही.

३. साटा मोड: एएचसीआय. जुन्या बोर्डांवर तो अनेकदा आयडीईवर सोडलेला असतो.

४. लाइट आल्यावर काय करायचं ती सेटिंग: "लास्ट स्टेट".

५. "हॉल्ट ऑन": नो एरर्स. नाहीतर कीबोर्ड काढून मशीन माळ्यावर ठेवलं की ते "कीबोर्ड नाही, एफ१ दाबा" म्हणून तिथेच थांबून राहतं. न लावलेल्या कीबोर्डवरचं एफ१.

६. तारीख-वेळ.

जतन करा, आणि नुसतं रीस्टार्ट करण्याऐवजी मशीन पूर्ण बंद करून, वायर काढून, परत लावा. काही जुन्या बोर्डांवर व्हर्च्युअलायझेशनची सेटिंग त्याशिवाय लागूच होत नाही.

तपासा: वायर काढलेल्या अवस्थेत रात्रभर ठेवा. सकाळी बायोसमध्ये तारीख आणि बाकीची सेटिंग जशीच्या तशी हवीत.

टप्पा ५: कागद-पेन

इन्स्टॉलर तुम्हाला नाव आणि पत्ता विचारणार. तेव्हा मनाला येईल ते टाकायचं आणि नंतर पस्तावायचं, ही सर्रास होणारी चूक. प्रॉक्समॉक्सवर एकदा व्हीएम बनवल्या की यजमान मशीनचं नाव बदलणं फार किचकट काम आहे.

राउटरचं पान उघडा आणि लिहून घ्या: राउटरचा स्वतःचा पत्ता, आणि डीएचसीपी कुठून कुठपर्यंत पत्ते वाटतो. राउटर १९२.१६८.१.१ असेल आणि वाटप १०० ते २०० चं असेल, तर लॅबच्या मशीनला १९२.१६८.१.१० द्या, वाटपाच्या बाहेरचा. जिओफायबरच्या राउटरवर पत्ता बहुधा १९२.१६८.२९.१ असतो, तिथे त्या हिशेबाने. वाटप २ ते २५४ असं सगळंच व्यापून बसलं असेल तर आधी ते आवळून घ्या. नाहीतर एक दिवस पाहुण्याचा मोबाइल तुमच्या सर्व्हरचा पत्ता घेऊन बसेल.

नाव साधं: लॅब१. डोमेन होम.अर्पा घ्या; घरगुती नेटवर्कसाठीच ते राखून ठेवलेलं आहे. डॉट लोकल टाळा, त्यावर प्रिंटर आणि टीव्ही एकमेकांना हाका मारत असतात.

आता वायफायचा हट्ट. व्हीएमना घरच्या नेटवर्कवर आणणारा ब्रिज साध्या वायफाय कार्डावर चालत नाही, कारण एका जोडणीवरून अनेक मॅक पत्ते (प्रत्येक नेटवर्क कार्डाची ओळख) आलेले ॲक्सेस पॉइंट स्वीकारत नाही. राउटरपासून मशीनपर्यंत कॅट-६ ची वायर ओढा. वायर फिरवणं अगदीच शक्य नसेल तर मशीन राउटरच्या खोलीत न्या. याला तिसरा सोपा मार्ग नाही, आणि आंतरजालावर जे "जुगाड" सापडतात त्यांत नवशिक्याचा आठवडा जातो.

टप्पा ६: इन्स्टॉल

हा भाग सगळ्यात सोपा, वीस मिनिटांचा.

आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) अधिकृत साइटवरूनच घ्या. २०२५ मध्ये आलेली आवृत्ती ९ डेबियन १३ वर आहे. पेनड्राइव्ह रुफसने बनवणार असाल तर डीडी मोड निवडा. ग्रबची वेगळी आवृत्ती डाउनलोड करू का असं विचारलं तर "नो" म्हणा. अर्धी "पेनड्राइव्हवरून बूटच होत नाही" प्रकरणं इथली असतात.

इन्स्टॉलर सुरू होताच "हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन सापडलं नाही" असा इशारा आला तर ओके दाबून पुढे जाऊ नका. टप्पा ४ ला परत.

इशारा: निवडलेली डिस्क पूर्ण पुसली जाते. दोन डिस्क असतील तर दुसरीची साटा केबल या वीस मिनिटांपुरती काढून ठेवा. आकार बघून ओळखीन म्हणणाऱ्या एकाने बहिणीच्या लग्नाचे फोटो घालवले आहेत.

फाइल सिस्टिम ईएक्सटी४ ठेवा. झेडएफएस उत्तम आहे, पण ती रॅम मागते आणि साध्या घरगुती एसएसडीवर लिहिण्याचा भार वाढवते. १६ जीबीच्या मशीनवर ती चैन नंतर कधीतरी. नेटवर्कच्या पानावर कागदावरचे आकडे जसेच्या तसे भरा. बस.

टप्पा ७: पहिलं लॉगिन

दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस लावून मशीनचा पत्ता आणि पुढे पोर्ट ८००६. एचटीटीपीएसमधला एस विसरला की पान उघडत नाही. सर्टिफिकेटचा इशारा येईल, पुढे जा. नाव रूट, खाली लिनक्स पॅम निवडलेलं असावं.

"सबस्क्रिप्शन नाही" ही खिडकी दर वेळी येणार. तो दोष नाही. मात्र अपडेट करायला गेलात की ४०१ ची चूक येते, कारण मूळ सेटिंग पैसे भरलेल्या ग्राहकांच्या रिपॉझिटरीकडे बघत असते. डावीकडे मशीनचं नाव, मग अपडेट्स, मग रिपॉझिटरीज. नावात एंटरप्राइझ असलेल्या दोन्ही ओळी बंद करा, प्रॉक्समॉक्सची आणि सेफ या साठवणीच्या सॉफ्टवेअरचीही. सेफची ओळ विसरली जाते. नो-सबस्क्रिप्शन ही नवी ओळ जोडा. मग रिफ्रेश, अपग्रेड, रीबूट.

इशारा: बाहेरून बघता यावं म्हणून राउटरवर ८००६ पोर्ट उघडू नका. रूटच्या लॉगिनचं पान अख्ख्या जगासमोर ठेवणं आहे ते. बाहेरून यायचंच असेल तर वायरगार्ड किंवा टेलस्केलचं व्हीपीएन.

टप्पा ८: पहिली व्हीएम

सुरुवात डेबियन किंवा उबंटू सर्व्हरने. दोन कोर, २ जीबी रॅम, २० जीबी डिस्क. फॉर्ममध्ये बहुतेक रकाने तसेच सोडा, तीन ठिकाणी थांबा.

पहिलं ठिकाण सीपीयूचा प्रकार. आपोआप भरलेला प्रकार प्रोसेसरमध्ये एईएसची (एन्क्रिप्शनची) सोय धरून चालतो. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या २१००, ३२२० अशा आय-३ मध्ये ती सोय नाही, त्यामुळे सगळं बरोबर करूनही व्हीएम सुरू होत नाही. प्रकार बदलून "होस्ट" करा. एकाच मशीनच्या लॅबमध्ये होस्ट ठेवायला हरकत नाही.

दुसरं, डिस्कच्या पानावर "डिस्कार्ड" वर खूण करा. प्रॉक्समॉक्सची एलव्हीएम-थिन जागा उधारीवर देते: २४० जीबीच्या डिस्कवर तुम्ही ४०० जीबीच्या व्हीएम बनवू शकता, जोवर कुणी खरोखर तेवढं वापरत नाही. डिस्कार्डची खूण नसेल तर व्हीएमच्या आत फाइल पुसली तरी बाहेर जागा मोकळी होत नाही. थिन पूल, म्हणजे ही सगळ्यांची सामाईक जागा, शंभर टक्के भरला की त्यावरच्या सगळ्याच व्हीएमना लिहिताना चुका येऊ लागतात. महिन्यातून एकदा तो आकडा बघा, ८० ला सावध व्हा.

तिसरं, क्यूईएमयू एजंटची (व्हीएमच्या आत बसून प्रॉक्समॉक्सचं ऐकणाऱ्या प्रोग्रामची) खूण करा आणि व्हीएमच्या आतही ते पॅकेज टाका. दोन्हींपैकी एकच केलं तर उपयोग नाही.

विंडोज टाकताना इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, हा प्रश्न मला आठवड्याला एकदा तरी येतो. विंडोजकडे व्हर्टआयओचा, म्हणजे व्हीएमच्या आभासी डिस्कचा, ड्रायव्हर नसतो. व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ दुसऱ्या सीडी ड्राइव्हवर लावा, "लोड ड्रायव्हर" दाबा, व्हीआयओ-स्कझी फोल्डरमधून आपल्या विंडोजची आवृत्ती निवडा. डिस्क प्रकटते.

रॅमचा हिशेब कोरपेक्षा कडक ठेवा. चार कोर पाच व्हीएमनी वाटून घेतले तर सगळं थोडं हळू होतं, इतकंच. रॅम तशी ताणता येत नाही. संपली की लिनक्स स्वतःच एखादी व्हीएम मारून टाकतं, आणि ती बहुधा सगळ्यात मोठी असते. १६ जीबीचा माझा हिशेब: यजमानाला २, विंडोज सर्व्हरला ४, फायरवॉलला २, दोन लिनक्सना दोन-दोन. झाले १२. उरलेले ४ तसेच मोकळे ठेवा.

तपासा: व्हीएम ब्राउझरमधून "शटडाउन" करा. अर्ध्या मिनिटात शिस्तीत बंद झाली पाहिजे. टांगून राहिली तर एजंट बसलेला नाही.

टप्पा ९: खेळाचं नेटवर्क वेगळं

ही चूक मी स्वतः केली आहे. विंडोज सर्व्हरवर डीएचसीपी शिकत होतो आणि व्हीएम जोडली होती थेट घरच्या ब्रिजला, व्हीएमबीआर० ला. दहा मिनिटांत खालून अक्का ओरडली, "काय केलास बे वर? टीव्ही बंद पडला की!" माझा सर्व्हर घरभर पत्ते वाटत सुटला होता आणि त्या पत्त्यांना बाहेरचा रस्ताच नव्हता. टीव्ही, दोन मोबाइल, शेजारच्यांना दिलेलं वायफाय, सगळे माझ्या प्रयोगात सामील.

म्हणून मशीनच्या नेटवर्क पानावर दुसरा लिनक्स ब्रिज बनवा, व्हीएमबीआर१. पोर्टचा रकाना रिकामा, पत्त्याचा रकानाही रिकामा. "अप्लाय कॉन्फिगरेशन" दाबायला विसरू नका. या ब्रिजला कुठलीही खरी वायर जोडलेली नसते, त्यामुळे आत काहीही गोंधळ घाला, बाहेर कळत नाही. आतल्या व्हीएमना इंटरनेट हवं असेल तर ओपीएनसेन्स या फायरवॉलची एक व्हीएम बनवा, तिला दोन नेटवर्क कार्डं द्या: एक व्हीएमबीआर० वर, दुसरं व्हीएमबीआर१ वर. आतला पत्ता घरच्यापेक्षा वेगळा ठेवा, १०.१०.१०.१ वगैरे. दोन्हीकडे १९२.१६८.१ ठेवलं तर फायरवॉललाच कळत नाही कुठे जायचं.

टप्पा १०: बॅकअप, आणि तो परत आणून बघणं

स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची स्थिती, हा बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की दोन्ही गेले. प्रयोगाआधी स्नॅपशॉट घ्या, प्रयोग जमला की पुसा. महिनोन्‌महिने साठवलेले स्नॅपशॉट थिन पूल खातात.

बॅकअप दुसऱ्या जुन्या मशीनवर. त्यावर डेबियन टाकून एनएफएसचा (नेटवर्कवरून वापरायचा) एक फोल्डर उघडा किंवा सरळ प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर बसवा. ते आठवड्यातून एकदा सुरू केलं तरी पुरतं. दुसरं मशीन नसेल तर यूएसबी हार्ड डिस्क.

मग एक व्हीएम परत आणा. आणताना नवा क्रमांक द्या आणि "युनिक" वर खूण करा, म्हणजे मॅक पत्ता नवा मिळतो. सुरू करण्याआधी तिचं नेटवर्क कार्ड "डिस्कनेक्ट" करा, कारण आतला ठरवून दिलेला पत्ता मूळ व्हीएमचाच असतो आणि दोघी भांडतात. लॉगिन झालं, फाइल दिसल्या, की बॅकअप आहे असं समजा.

टप्पा ११: लाइट आणि ऊन

साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर असं मशीन काही मिनिटं तग धरतं. ती मिनिटं व्यवस्थित बंद करण्यासाठी आहेत. यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल तर एनयूटी हे पॅकेज टाका, बॅटरी उतरली की मशीन आपणहून व्हीएम बंद करून झोपेल. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर मागे यूपीएस मोडचं बटण आहे का बघा. साध्या मोडवर लाइट बदलताना लागणारा वेळ कॉम्प्युटरला जास्त होतो आणि मशीन रीस्टार्ट होतं.

व्हीएमच्या ऑप्शन्समध्ये "स्टार्ट ॲट बूट" लावा आणि क्रम द्या: फायरवॉल पहिली, बाकीच्या नंतर थोडा वेळ सोडून.

इशारा: जुन्या पेठांतल्या घरांत तीन पिनच्या प्लगमागे अर्थिंगची वायरच नसते. मशीन चालू असताना कॅबिनेटच्या पत्र्याला टेस्टर लावा. दिवा लागला तर आधी वायरमन बोलवा.

मशीन निवांत असताना ५० वॉट घेतं असं धरलं तर चोवीस तास चालवून महिन्याला ३६ युनिट होतात. रोज संध्याकाळी तीन तास शिकणाऱ्याने ते दिवसभर जाळायचं कारण नाही. ब्राउझरमधून शटडाउन करा. एप्रिल-मेमध्ये दुपारी तर बंदच ठेवा. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर लांब, जमिनीपासून विटेवर उचललेलं, आणि कारखान्याच्या शेजारी राहत असाल तर साफसफाई दर तीन महिन्यांनी.

शेवटी कॅबिनेटवर एक चिकटपट्टी लावा आणि मार्करने लिहा: नाव, पत्ता, सेल बदलल्याची तारीख, साफ केल्याची तारीख. इंटरनेटवाला बदलला की राउटर बदलतो, पत्त्यांची मालिका बदलते, आणि ८००६ चं पान उघडेनासं होतं. तेव्हा कीबोर्ड-मॉनिटर जोडून, ईटीसी फोल्डरमधल्या नेटवर्कच्या इंटरफेसेस फाइलमध्ये आणि होस्ट्स फाइलमध्ये, दोन्हीकडे, नवा पत्ता लिहायचा. मग पट्टीवरचाही खोडून नवा.